विमान केव्हा पोहोचेल?

पूर्वी कोकणच्या किनाऱ्यावरून एखादे गलबत माल भरून दूरच्या बंदरास निघाले, म्हणजे ते परत केव्हा येईल हे कोणासही निश्चितपणे सांगता येत नसे. वारा अनुकूल असला तर आठ दिवसांत, नसला तर पंधरा दिवसांत, आणि समुद्र खवळला तर देव आणील तेव्हा, असे त्याचे उत्तर असे. घरची माणसे किनाऱ्यावर येत आणि क्षितिजाकडे डोळे लावून उभी राहत. पुढे वाफेची शक्ती मनुष्याच्या हाती आली. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली. आगगाडीबरोबर वेळापत्रकही आले. गाडी अमुक वाजता सुटेल आणि अमुक वाजता पोहोचेल, असे आगाऊ छापून सांगण्याचे धैर्य मनुष्यास झाले, याचे कारण उघड आहे. आगगाडी वाऱ्यावर अवलंबून नव्हती.

त्यानंतर विमान आले, आणि मनुष्य पुन्हा एकदा वाऱ्याच्या राज्यात शिरला. विमानाला रूळ नसतात. ज्या हवेतून ते जाते ती हवा स्वतःच वाहत असते. वाटेत ढग असतात, वादळे असतात, आणि जेथे उतरावयाचे तेथे कधी धुके तर कधी मुसळधार पाऊस असतो. असे असूनही विमान-कंपन्या प्रवासाच्या कित्येक महिने आधी विमानाची वेळ जाहीर करतात, आणि तीही पाच-पाच मिनिटांच्या हिशेबाने! ‘सायंकाळी सात वाजून चाळीस मिनिटे’ असे त्या निःशंकपणे सांगतात. हे त्यांना कसे साधते? हा अंदाज कधी कधी का चुकतो? आणि चुकला तर त्याचा दोष खरोखर वाऱ्याचाच असतो काय?

हे प्रश्न केवळ कुतूहलाचे नाहीत. विमानाच्या वेळेवर पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात. एका विमानातून उतरून दुसरे विमान पकडणाऱ्या प्रवाशाच्या हाती थोडाच वेळ असतो. वैमानिकांनी दिवसात किती तास काम करावे यास कायद्याने मर्यादा घातलेली असते. विमानाला फार उशीर झाला तर त्याच वैमानिकांना पुढचे उड्डाण करता येत नाही. काही वेळा तर वेळेवर एखाद्याचे प्राणही अवलंबून असतात. रोग्याच्या शरीरात बसविण्यासाठी दात्याचे हृदय एका शहरातून दुसऱ्या शहरास विमानाने नेल्याची उदाहरणे आपल्या देशात अनेक आहेत. थंड पेटीत ठेवलेले असे हृदय साधारणपणे चारच तास उपयोगात आणण्याजोगे राहते. इकडे हृदय निघते, त्याच सुमारास तिकडे रोग्यास शस्त्रक्रियेसाठी सिद्ध केले जाते. तेथील वैद्यांना ‘विमान लवकरच येईल’ एवढे सांगून भागत नाही. ‘केव्हा येईल’ हे नेमके सांगावे लागते.

प्रथम ‘विमानाची वेळ’ म्हणजे काय हे समजून घेतले पाहिजे. सुटण्याची वेळ म्हणजे विमानाने आकाशात झेप घेतल्याची वेळ नव्हे. विमान आपल्या थांब्यावर उभे असताना त्याच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान जागचे हलते, ती सुटण्याची वेळ. दुसऱ्या विमानतळावर पोहोचून ते आपल्या थांब्यावर उभे राहते, ती पोहोचण्याची वेळ. या दोन वेळांमध्ये तीन निरनिराळे भाग असतात: आरंभी थांब्यापासून धावपट्टीपर्यंत जमिनीवरून जाणे, मग आकाशातील प्रवास, आणि शेवटी धावपट्टीवरून पुन्हा थांब्यापर्यंत जाणे. दोन तासांच्या प्रवासात विमान दोन तास उडत असते, असा समज असतो. परंतु त्यांपैकी बराचसा वेळ ते जमिनीवर संथपणे चालत किंवा आपली पाळी येण्याची वाट पाहत असते. ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत जे विमान पोहोचते, ते वेळेवर आले असे समजण्याची प्रथा आहे. ही पंधरा मिनिटांची सवलत अनेक देशांनी मान्य केलेली आहे.

आता या तीन भागांपैकी सर्वांत मोठा भाग, म्हणजे आकाशातील प्रवास, प्रथम घेऊ. विमानाचा वेग भोवतालच्या हवेच्या संदर्भात मोजला जातो. वाहत्या नदीतून नाव हाकणाऱ्या नावाड्याचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. प्रवाहाच्या दिशेने वल्ही मारली तर नाव वेगाने जाते. प्रवाहाविरुद्ध तितक्याच जोराने वल्ही मारली तरी ती हळू जाते. नावाड्याच्या बाहूंतील बळ तेच, पण काठावरून पाहणाऱ्यास नावेचा वेग निराळा दिसतो. विमानाचेही तसेच आहे.

मुंबईपासून कोलकात्यापर्यंतचे हवाई अंतर हिशेबाच्या सोईसाठी १,६०० किलोमीटर धरू, आणि विमानाचा हवेतील वेग ताशी ८०० किलोमीटर आहे असे समजू. वारा अगदी शांत असेल तर हा प्रवास २ तासांत, म्हणजे १२० मिनिटांत होईल. आता पश्चिमेकडून पूर्वेकडे ताशी १०० किलोमीटर वेगाने वारा वाहत आहे असे समजा. मुंबईहून निघालेल्या विमानास हा वारा अनुकूल आहे. जमिनीच्या संदर्भात त्याचा वेग ताशी ९०० किलोमीटर होईल आणि ते सुमारे १०७ मिनिटांत कोलकात्यास पोहोचेल. परत येताना मात्र तोच वारा समोरून येईल. वेग ताशी ७०० किलोमीटर होईल आणि प्रवासास सुमारे १३७ मिनिटे लागतील. जाण्यायेण्यात अर्ध्या तासाचा फरक पडला! येथे आणखी एक मौज लक्षात घेण्याजोगी आहे. शांत हवेत दोन्ही प्रवासांस मिळून २४० मिनिटे लागली असती; वाऱ्यात मात्र २४४ मिनिटे लागली. वाऱ्याने जाताना जे दिले, त्यापेक्षा येताना अधिक काढून घेतले. याचे कारण असे, की प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक वेळ सापडते.

हे शंभर किलोमीटर वेगाचे वारे काल्पनिक नाहीत. जमिनीपासून सुमारे ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, जेथून मोठी विमाने उडतात तेथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिशय वेगवान वाऱ्यांचे अरुंद पट्टे असतात. त्यांना जेट वारे म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरांच्याही वर जातो. १९२० नंतरच्या दशकात वासाबुरो ओइशी या जपानी शास्त्रज्ञाने आकाशात फुगे सोडून या वाऱ्यांचे मोजमाप केले. आपले शोध सर्व जगास समजावेत म्हणून त्याने ते एस्पेरांतो या नव्याने तयार केलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत लिहिले. परंतु ती भाषा जाणणारे लोक फारच थोडे असल्यामुळे त्याच्या कार्याकडे पुष्कळ काळ जगाचे लक्ष गेले नाही.

जेट वाऱ्यांचा प्रताप ९ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वांच्या प्रत्ययास आला. त्या वेळी अटलांटिक महासागरावर मोठे वादळ झाले होते आणि जेट वारा नेहमीपेक्षा अधिक वेगाने वाहत होता. न्यूयॉर्कहून निघालेले एक प्रवासी विमान त्या वाऱ्यावर स्वार होऊन अवघ्या ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरले. ठरलेल्या वेळेपेक्षा ते एक तासाहूनही अधिक लवकर आले. एरवी लंडनहून न्यूयॉर्कला जाण्यास आठ तासांच्या आसपास वेळ लागतो, आणि उलट येण्यास सुमारे सात तास पुरतात.

काही जणांची अशी समजूत असते, की हा फरक पृथ्वीच्या फिरण्यामुळे पडतो. विमान आकाशात असताना खालची जमीन फिरते आणि गाव जवळ येते किंवा दूर जाते. ही समजूत चुकीची आहे. तसे असते तर आकाशात एकाच जागी पंख हलवीत राहणारी घार काही क्षणांत कित्येक किलोमीटर मागे पडली असती! पृथ्वीबरोबर तिच्या भोवतालचे वातावरणही फिरत असते, आणि त्याच्याबरोबर विमानही. फरक पडतो तो वाऱ्यामुळे.

इतका बलवान वारा असताना वेळेचा अंदाज करणे अशक्य वाटेल; परंतु वस्तुस्थिती उलट आहे. वारा बलवान असला तरी तो अगदीच लहरी नाही. जगभरातील शेकडो वेधशाळा रोज दोनदा, एकाच ठरलेल्या वेळी, उपकरणे बांधलेले फुगे आकाशात सोडतात. १८७५ साली स्थापन झालेले भारतीय हवामान खातेही हे काम करते. फुगा वर वर जातो आणि प्रत्येक उंचीवरील तापमान, आर्द्रता व वारा यांची माहिती खाली पाठवितो. उडणारी विमानेही आपापल्या वाटेवरील वाऱ्याची बातमी कळवीत असतात. उपग्रहांची माहिती त्यांत मिळवून मोठमोठी गणकयंत्रे पुढील दिवसाच्या वाऱ्याचे भाकीत करतात. विमान निघण्यापूर्वीच वैमानिकाच्या हाती संपूर्ण मार्गावरील वाऱ्याचा तक्ता असतो. त्यामुळे एकदा विमान उंचावर गेले, म्हणजे ते आपल्या मुक्कामाच्या जवळ केव्हा येईल हे थोड्या मिनिटांच्या फरकाने सांगता येते. शिवाय वारे ऋतूप्रमाणे बदलतात, हेही कंपन्यांना ठाऊक असते. जगातील विमानांची वेळापत्रके वर्षातून दोनदा, मार्चच्या व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून, नव्याने लागू होतात आणि त्यांत ऋतूच्या वाऱ्याचा हिशेब आधीच धरलेला असतो.

मग वेळ चुकते कोठे? बहुधा ती आकाशात चुकत नाही, जमिनीवर चुकते. वेळेवर निघालेले विमान बहुतेक वेळेवर पोहोचते, आणि उशिरा निघालेले उशिराच पोहोचते.

देशात फिरणारे एक विमान एका दिवसात पाच-सहा प्रवास करते. समजा, ते पहाटे दिल्लीहून निघून मुंबईस येते, तेथून गोव्यास जाते, गोव्याहून पुन्हा मुंबईस, मुंबईहून नागपुरास, आणि नागपुराहून परत मुंबईस येते. प्रत्येक ठिकाणी त्याला सुमारे पाऊण तास मिळतो. एवढ्या अवधीत आलेले प्रवासी उतरावयाचे, विमान झाडावयाचे, इंधन भरावयाचे, सामान उतरवून नवे चढवावयाचे, आणि नवे प्रवासी बसवावयाचे. आता एका पहाटे दिल्लीस दाट धुके पडले आणि विमान एक तास उशिरा निघाले. मुंबईस ते एक तास उशिरा आले, म्हणून गोव्यास तितकेच उशिरा गेले. माणसांनी लगबग केली तर प्रत्येक थांब्यावर पाच-दहा मिनिटे भरून निघतात; परंतु संपूर्ण तास भरून निघण्यास सायंकाळ उजाडते. गोव्यास लख्ख ऊन पडलेले असते. तेथील प्रवासी निरभ्र आकाशाकडे पाहून म्हणतात, ‘हवा इतकी चांगली असताना विमानास उशीर का?’ दिल्लीचे धुके दुपारी आपल्याला भोवत आहे, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. युरोपातील विमानांच्या उशिराचा हिशेब ठेवला जातो. त्यातील निम्म्याच्या आसपास उशीर अशा प्रकारे आधीच्या उड्डाणाकडून वारशाने आलेला असतो. दिवसाच्या आरंभी निघणारी विमाने सायंकाळच्या विमानांपेक्षा अधिक वेळेवर असतात, याचे रहस्यही हेच आहे.

दुसरी अडचण उतरताना येते. धावपट्टीवर एका वेळी एकच विमान उतरू शकते. मोठ्या विमानाच्या पंखांमागे हवेचे भोवरे निर्माण होतात, आणि त्यांत सापडलेले लहान विमान कलंडण्याचा धोका असतो. म्हणून दोन विमानांमध्ये पुरेसे अंतर ठेवावेच लागते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत. परंतु त्या एकमेकींस छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. तरीही २०१८ साली तेथे एका दिवसात एक हजाराहून अधिक विमानांची ये-जा झाली. म्हणजे अहोरात्र सरासरी दीड मिनिटाहूनही कमी वेळात एक विमान! अशा ठिकाणी एखादे विमान दहा मिनिटे लवकर आले तरी त्याची पाळी लवकर येईलच असे नाही.

ज्याची पाळी आली नसेल, त्या विमानाला आकाशातच घिरट्या घालावयास सांगतात. विमानाला गाडीप्रमाणे रस्त्याच्या कडेला थांबता येत नाही. ते शर्यतीच्या मैदानासारख्या लांबट वाटोळ्या मार्गाने फिरत राहते आणि अशी एक फेरी साधारणपणे चार मिनिटांत पूर्ण होते. लंडनच्या हीथ्रो विमानतळासाठी अशा घिरट्यांच्या चार जागा ठरलेल्या आहेत. तेथे विमाने एकावर एक, हजार हजार फुटांचे अंतर ठेवून फिरत असतात. सर्वांत खालचे विमान उतरावयास गेले, की वरचे प्रत्येक विमान एकेक पायरी खाली येते.

धावपट्टीवरील वाराही आपला प्रभाव दाखवितो. विमाने वाऱ्याच्या समोर तोंड करून उतरतात. समजा, दोन विमानांमध्ये सहा किलोमीटर अंतर ठेवावयाचे आहे आणि त्यांचा जमिनीच्या संदर्भातील वेग ताशी २४० किलोमीटर आहे. तर दर ९० सेकंदांस एक, म्हणजे तासात ४० विमाने उतरतील. समोरचा वारा वाढून तो वेग ताशी २०० किलोमीटर झाला, तर तेच अंतर तोडण्यास १०८ सेकंद लागतील आणि तासात ३३ विमानेच उतरतील. सात विमाने मागे राहिली! त्यांचा उशीर पुढच्या तासात जाईल, आणि तेथून आणखी पुढे. २०१५ साली हीथ्रो येथे यावर एक सुंदर युक्ती योजण्यात आली. वारा जोराचा असेल तेव्हा दोन विमानांमधील अंतर किलोमीटरांत न मोजता सेकंदांत मोजावयाचे असे ठरले. जोराच्या वाऱ्यात पंखांमागील भोवरेही लवकर विरून जातात. म्हणून विमाने थोडी जवळ आली तरी धोका नसतो. विचारपूर्वक केलेल्या एवढ्याशा बदलाने वादळी दिवसांतील पुष्कळ उशीर वाचला.

धुके हा वेळेचा सर्वांत हट्टी शत्रू होय. उत्तर भारतात डिसेंबर व जानेवारी या महिन्यांत, वारा पडलेल्या थंड रात्री, जमिनीलगतच्या दमट हवेतील बाष्पाचे सूक्ष्म थेंब होतात आणि सर्व प्रदेश पांढऱ्या पडद्याआड जातो. दिल्लीच्या विमानतळावर अशी उपकरणे आहेत, की धावपट्टी पन्नास मीटरच दिसत असली तरी विमान उतरविता येते. परंतु त्यासाठी केवळ विमानतळावर उपकरणे असून चालत नाही. विमानातही ती असावी लागतात आणि वैमानिकासही खास शिक्षण मिळालेले असावे लागते. या तिन्हींपैकी एक जरी उणे असले तरी विमानास थांबावे लागते किंवा दुसऱ्या शहरास जावे लागते. धुके केव्हा पडेल आणि केव्हा विरेल हे आधी कळावे, म्हणून पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने हवामान खात्याच्या सहकार्याने २०१५ सालच्या हिवाळ्यापासून दिल्लीच्या विमानतळावर धुक्याचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. धुके दूर करणे अद्याप मनुष्याच्या हाती नाही. परंतु ते येणार हे आधी कळले तर नियोजन करता येते.

हे नियोजन म्हणजे काय? मुंबईस गर्दी आहे असे कळले, तर नागपुराहून निघणाऱ्या विमानास वाहतूक-नियंत्रक सांगतात, ‘आणखी वीस मिनिटे जमिनीवरच थांबा.’ आत बसलेल्या प्रवाशांस याचा राग येतो. विमान सिद्ध आहे, हवा स्वच्छ आहे, मग थांबावयाचे कशासाठी? परंतु जे थांबणे आकाशात होणार, ते जमिनीवर करणे शहाणपणाचे असते. जमिनीवर थांबलेले विमान फारच थोडे इंधन जाळते. आकाशात घिरट्या घालणारे विमान दर मिनिटास इंधन जाळते आणि हवा दूषित करते.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येईल. लवकर पोहोचणे निराळे आणि विश्वासाने वेळ सांगता येणे निराळे. दोन विमाने एकाच मार्गावर जातात असे समजा. पहिल्या विमानास पाच दिवसांत अनुक्रमे ११९, १२१, १२०, १२२ व ११८ मिनिटे लागली. दुसऱ्यास १००, १४५, १०५, १४० व ११० मिनिटे लागली. दोहोंची सरासरी काढली तर ती सारखीच, १२० मिनिटे येते. तरीही दोन्ही विमाने सारखी नाहीत. पहिल्याचा भरवसा धरता येतो, दुसऱ्याचा येत नाही. दुसरे विमान तीन दिवस पहिल्यापेक्षा लवकर आले, तरीही त्याच्या भरवशावर कोणी महत्त्वाचे काम ठेवणार नाही. केवळ सरासरीवरून भरवसा कळत नाही. वेळा सरासरीपासून किती दूर विखुरतात हेही पाहावे लागते.

आता दुसऱ्या विमानाचे वेळापत्रक करावयाचे झाले तर कोणती वेळ छापावी? १२० मिनिटे छापली तर पाचांपैकी दोन दिवस लोकांची निराशा होईल. १५० छापली तर विमान कधीच उशिरा येणार नाही. परंतु बहुतेक दिवशी ते फार लवकर येऊन रिकाम्या थांब्याची वाट पाहत राहील आणि दिवसाकाठी त्याचे प्रवासही कमी होतील. कंपन्या या दोहोंमधील वेळ निवडतात. १९८७ साली अमेरिकेत असा नियम झाला, की विमाने किती वेळा वेळेवर आली याची माहिती मोठ्या कंपन्यांनी सरकारला कळवावी. तेव्हापासून लोकांना कंपन्यांची तुलना करता येऊ लागली. पण काही वेळा विमानाचा वेग न वाढविता केवळ छापील वेळ वाढवूनही ‘वेळेवर’ येण्याचे श्रेय मिळविता येते, हेही जाणत्या वाचकाने विसरू नये. थोडी मोकळीक ठेवणे हा शहाणपणा आहे. परंतु आळस झाकण्यासाठी ती ठेवणे ही लबाडी आहे.

उत्तम वक्तशीरपणाचे एक उदाहरण आपल्या देशाच्या विमान-वाहतुकीच्या आरंभीच आढळते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका इंजिनाच्या लहानशा विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले आणि जुहूच्या मैदानावर ते उतरले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. विलायतेहून कराचीस येणाऱ्या टपालाशी या सेवेची सांगड घातलेली होती. त्या विमानांत बिनतारी यंत्र नव्हते. वाट दाखविणारी साधने नव्हती. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई. म्हणून पावसाळ्यापुरता त्यांनी आपला तळ पुण्यास येरवड्याजवळच्या मैदानावर हलविला. सह्याद्रीवर ढगांची दाटी असताना, धुवाधार पावसातून मार्ग काढीत ती इवलीशी विमाने ये-जा करीत. पहिल्या वर्षात टपालाची वेळ एकदाही चुकली नाही, अशी नोंद विमान-वाहतूक खात्याच्या अहवालात झाली. त्या विमानांचा वेग आजच्या विमानांच्या पाचव्या हिश्श्याएवढाही क्वचितच असेल. त्यांची वेळ वेगाने साधली नव्हती. अडचण कोणती येणार हे ओळखून आधीच केलेल्या तयारीने साधली होती.

तथापि वेळेपेक्षाही श्रेष्ठ अशी एक गोष्ट आहे. विमान धावपट्टीजवळ आले आणि धावपट्टी नीट दिसली नाही, किंवा वारा एकाएकी फिरला, तर वैमानिक उतरण्याचा बेत सोडून विमान पुन्हा वर नेतो. प्रवासी घाबरतात, पंधरा-वीस मिनिटे जातात. परंतु हीच त्या वैमानिकाच्या शहाणपणाची खूण होय. त्याला असे करता यावे म्हणूनच प्रत्येक विमानात मुक्कामापर्यंत पुरेल त्याहून अधिक इंधन भरतात. दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्याइतके आणि त्यावरही आणखी अर्धा तास उडता येईल इतके इंधन जेट विमानात शिल्लक असावे लागते. विमान उशिरा पोहोचले तर वाट पाहणाऱ्यांचा वेळ जातो. ते घाईने उतरविले तर माणसेच जातात. म्हणून कर्तव्यदक्ष वैमानिक वेळेसाठी जिवाचा सौदा करीत नाही.

विमानाची वेळ सांगणे म्हणजे भविष्य सांगणे नव्हे. जे आधी कळण्याजोगे आहे ते परिश्रमाने जाणून घ्यावयाचे, जे कळण्याजोगे नाही त्यासाठी थोडी मोकळीक ठेवावयाची, आणि अंदाज चुकत आहे असे दिसताच तो लपवून न ठेवता वाट पाहणाऱ्यांस खरी वेळ कळवावयाची, एवढेच मनुष्याच्या हाती आहे. उशीर झाल्याचे दुःख असतेच. परंतु उशीर किती होणार हे न कळण्याचे दुःख त्याहून मोठे असते. दिल्लीस धुके आहे, विमान दोन तास उशिरा येईल, असे स्पष्टपणे कळले तर मनुष्य त्याप्रमाणे आपली व्यवस्था करतो. ‘येईलच एवढ्यात’ असे पुन्हा पुन्हा सांगितले गेले, तर त्याचे ते दोन तास वाया जातात आणि पुढच्या खेपेस खरे सांगितलेलेही त्याला खरे वाटत नाही. वेळेचा शब्द देणाऱ्या प्रत्येकाने, मग तो विमान-कंपनीचा अधिकारी असो की सायंकाळी सहा वाजता घरी येतो असे आईस सांगून खेळावयास जाणारा विद्यार्थी असो, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.